कंपनी बदलू का फोन बदलू?

यावेळच्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच रडगाणं आहे, रेंज नाही, नेट चालंना, फोन लागंना, आणि मग शेवटी तोच प्रश्न की कंपनी बदलली तर नीट होईल का. मी नव्या पेठेत एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढली आणि तिथं बसून हेच बघितलं की माणूस चिडून कंपनी बदलतो आणि महिन्याभराने तितकाच चिडलेला परत येतो, कारण बिघाड कार्डात नसतोच, फोनमध्ये असतो, नाहीतर घराच्या भिंतीत. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत असतो, दिवाळीला आला तेव्हा त्याचा जुना फोन मला देऊन गेला. फोन एकदम चकाचक आहे पण आपलं इथलं कार्ड घातलं की नेटवर्क अनलॉक पिन टाका म्हणतोय. चौकातला दुकानदार म्हणतो दोन हजार द्या, उद्या खोलून देतो. देऊ का?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका देऊ काका. आपल्याकडे बहुतेक फोन दुकानातून घेतले की त्यात कुठलंही कार्ड चालतं त्यामुळे आपल्याला ही भानगड माहितीच नसते, पण तिकडं बरेच लोक फोन मोबाईल कंपनीकडूनच हप्त्यावर घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत कंपनी त्या फोनला कुलूप घालून ठेवते, दुसऱ्या कुणाचं कार्ड घातलं की तो असा पिन मागतो. ह्या कुलपाची किल्ली त्याच कंपनीकडे. पुतण्याला फोन लावा आणि सांगा की बाबा तुझ्या तिकडच्या खात्यात जाऊन अनलॉकची रिक्वेस्ट टाक, सोबत आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागेल, तो *#०६# दाबला की स्क्रीनवर येतो, १५ आकडी असतो, फोटो काढून पाठवून द्या. हप्ते फिटलेले असतील आणि फोन चोरीचा वगैरे नसेल तर बहुतेक वेळा काम होऊन जातं आणि फुकटात होतं. हाच प्रकार आयफोनचा असेल तर पिन मागत नाही, कार्ड चालत नाही एवढंच सांगतो, त्यात सेटिंग, जनरल, अबाउट इथं खाली कॅरिअर लॉक म्हणून एक ओळ असते, तिथं नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं दिसलं की समजायचं कुलूप निघालं. दुकानवाले आयफोनला काय करतात तर कार्डाच्या खाली कागदासारखी पातळ चिप सरकवतात, फोनला फसवतात, चार दिवस मस्त चालतं आणि एखादा सॉफ्टवेअर अपडेट आला की परत बोंब, मग दुकानदार म्हणतो अपडेट कशाला केला.

आता कुलूप निघालं म्हणून लगेच पेढे वाटू नका. होटगी रोडचे एक गृहस्थ असाच बाहेरचा फोन घेऊन आले होते, मुलाने पाठवलेला, समोर बसून त्यांनी मला व्हिडिओ लावून दाखवला, सरसर चालतोय, व्हॉट्सअॅप कॉल लागतोय, पण बायकोला साधा फोन लावला की दोन सेकंद शांतता आणि कॉल कट. परत लावला, परत कट. त्यांचं म्हणणं कार्ड खराब, तीन वेळा कार्ड बदलून झालेलं. कार्ड चांगलंच होतं हो. गोष्ट अशी आहे की ४जी मुळात नेटसाठी बांधलेलं आहे, त्याच्यावरून आवाज न्यायचा तर व्होल्टे लागतं, आणि कुठल्या देशातल्या कुठल्या कंपनीचं व्होल्टे चालवायचं हे फोन बनवणाऱ्याने त्या फोनमध्ये आधी भरून ठेवलेलं असावं लागतं. बाहेरच्या मार्केटसाठी बनवलेल्या काही फोनमध्ये आपल्या कंपन्यांचं ते भरलेलंच नसतं. अशा वेळी एअरटेल किंवा व्हीआयचं कार्ड असेल तर फोन कॉलपुरता गपचूप २जीवर उतरतो, बोलणं झालं की परत वर चढतो, तुम्हाला कळतही नाही, फक्त बोलताना नेट थांबतं. जिओला मात्र खाली उतरायला पायरीच नाही, ५ सप्टेंबर २०१६ ला ते सुरू झालं तेच मुळी ४जीवर, २जी ३जी त्यांनी टाकलंच नाही. त्या गृहस्थांकडे जिओचं कार्ड होतं. मी माझं दुसऱ्या कंपनीचं कार्ड काढून त्यांच्या फोनात घातलं, पहिल्या फटक्यात घंटी वाजली, पलीकडून काकू ओरडल्या की तासाभरापासून फोन का उचलत नाही. तुमच्याही बाबतीत आधी घरातल्या दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं घालून बघा, नेट बघू नका, कॉल लावून बघा.

आणि एक, अमेरिकेत विकलेला आयफोन १४ किंवा त्याच्या पुढचा असेल तर त्यात कार्ड घालायची फटच नसते, कुणाला दुकानात विचारलं तर तोही फोन उलटासुलटा करून शोधत बसेल. त्याला ई-सिमच, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं कार्ड घ्यावं लागतं, जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही देतात.

प्रश्न : आमच्या घरचा नंबर सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारून दोन वर्षं झाली. बँक, गॅस, रेशन सगळीकडे तोच नंबर दिलाय. पण आता ह्या कंपनीची रेंज घरात अजिबात येत नाही, दारात उभं राहून बोलावं लागतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते का आणि काय काय करावं लागतं?
एक वाचक ताई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : येते ताई, पण आधी एक काम उरकावं लागेल. पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना, नव्या कंपनीचा माणूस तुमचा अंगठा घेणार आणि आधार बघणार, नंबर ज्याच्या नावावर तोच समोर पाहिजे. म्हणून आधी आत्ताच्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि तुमची किंवा मिस्टरांची कागदपत्रं देऊन नंबर नावावर करून घ्या. हे चालू असताना पोर्टचा अर्ज टाकू नका, तो नाकारतात. बरेच जण दाखला वगैरे नको म्हणून नातेवाइकाच्या नावाने तसाच नंबर चालवतात, चालतोही, पण ज्या दिवशी कार्ड हरवेल त्या दिवशी तो नंबर परत मिळवताना नाकी नऊ येतात.

नावावर झाला की पुढचं सोपं आहे. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० वर पाठवायचा. उलट मेसेजमध्ये ८ अक्षरांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात, तो ४ दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. हा कोड ओटीपीसारखाच जपा, फोनवर कुणी मागितला तर अजिबात सांगायचा नाही. कोड मिळायला सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले पाहिजेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं पाहिजे, आणि जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे की कार्ड हरवलं म्हणून किंवा खराब झालं म्हणून नवीन काढलं असेल तर पुढचे ७ दिवस कोड मिळत नाही. ही अट चांगली आहे, आधी चोरटे लोक दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट कार्ड काढून लगेच पोर्ट करून पसार व्हायचे. आपल्या सर्कलमध्येच, म्हणजे मोबाईल कंपन्यांसाठी आखलेल्या आपल्या भागातच बदलायचं तर कामाचे ३ दिवस लागतात, सर्कल बदलणार असेल तर ५. जुन्या कार्डात बॅलन्स किंवा रिचार्ज शिल्लक असेल तर ते गेलं म्हणायचं, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट टाका, वर्षाचं मारून लगेच टाकू नका.

एक माझं ऐका, घरात कार्य असेल त्या आठवड्यात हे काम काढू नका. मी हुशारी करून भाचीच्या लग्नाच्या तीन दिवस आधी पोर्ट टाकलं होतं, वाटलं लग्नापर्यंत होऊन जाईल आणि नव्या प्लॅनमध्ये भरपूर बोलता येईल. नेमकं लग्नाच्या दिवशी सकाळी जुनं कार्ड मेलं आणि नवं काही तास जिवंतच होईना. आचाऱ्याला माझा नंबर दिलेला, बँडवाल्याला माझा नंबर दिलेला, नवरदेवाची गाडी सात रस्त्याला येऊन थांबली आणि कार्यालयाचा पत्ता विचारायला माझाच नंबर फिरवत राहिली. अजूनही घरात कुठलं लग्न निघालं की आधी मला विचारतात, कार्ड चालू आहे ना.

प्रश्न : दोन कार्डांचा ५जी फोन घेतला. एका कार्डावर ५जी येतंय, दुसऱ्यावर त्याच घरात ४जीच दाखवायलंय. आणि माडीवर येतं, खाली खोलीत जातंय. फोनमध्ये फॉल्ट आहे का? शिवाय परवा एक फोन आला की तुमचं कार्ड ५जी करून देतो, ओटीपी सांगा.
एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : शेवटचं आधी, तो चोर होता. जिओ आणि एअरटेलचं ४जीचं कार्डच ५जीला चालतं, नवीन कार्डाची गरज नाही आणि ओटीपीची तर नाहीच.

आता बाकीचं. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पण दोन मोठ्या कंपन्यांनी ते दोन तऱ्हेने आणलं. जिओने ५जीचं वेगळं बिऱ्हाड थाटलं, त्याला स्टँडअलोन म्हणतात, एअरटेलने सुरुवातीला ४जीच्या खांद्यावर ५जी बसवलं, ते नॉन-स्टँडअलोन. फोनला दोन्ही यायला पाहिजेत, आणि त्याआधीच्या बऱ्याच ५जी फोनना अपडेट आल्यावरच ते सुरू झालं, आयफोनवाल्यांना तर डिसेंबर २०२२ पर्यंत थांबावं लागलं. म्हणून तुझा फोन सेकंडहँड किंवा जुना असेल तर पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट करून बघ. मग सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात प्रत्येक कार्डासाठी वेगळं नेटवर्क टाइप असतं, एकाला ५जी लावलेलं आणि दुसऱ्याला ४जीच राहिलेलं, हे तर मी शेकडो वेळा बघितलंय. काही फोनमध्ये ज्या कार्डावर नेट चालू आहे त्यालाच ५जी मिळतं. हे सगळं करूनही नाही आलं तर कार्डांच्या जागा बदलून बघ.

माडी आणि खोलीचं म्हणशील तर बार्शीत जुनी माळवदाची घरं आहेत ना, दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, उन्हाळ्यात थंडगार, पण रेंजला तेवढ्याच वाईट. ५जीची मुख्य लहर दोघांचीही ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली आहे, आकडा जितका मोठा तितकं नेट फास्ट पण भिंत ओलांडायची ताकद कमी. लहान आकड्याची लहर लांब जाते आणि आतही शिरते, २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला तो ह्याच्यासाठी. पण फोनच्या माहितीपत्रकात एन २८ हा बँड, म्हणजे हा ७०० चा पट्टा, लिहिलेला असेल तरच त्याचा उपयोग, नुसता ३३०० वाला एन ७८ असेल तर माडीवर जाऊनच अभ्यास करावा लागणार. कंपनी बदलायच्या आधी हे बँड बघ, दुकानदार कॅमेरा किती मेगापिक्सलचा ते सांगतो, बँड कुणी सांगत नाही.

प्रश्न : आईला बटणाचाच फोन जमतो. माझ्याकडचं जास्तीचं जिओचं कार्ड तिच्या जुन्या फोनात घातलं तर नो सर्व्हिस येतंय.
एक वाचक, मोहोळ

उत्तर : जुना २जीचा फोन असणार, वर सांगितलं तसं जिओकडे २जी नाहीच, तो फोन कितीही हलवला तरी लागणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं कार्ड घाला. नेट नको असेल तर नुसत्या बोलण्याचे रिचार्जही आता मिळतात, २०२५ च्या सुरुवातीपासून कंपन्यांना ते ठेवावेच लागले आहेत, दुकानदार आपणहून सांगणार नाही, मागून घ्या. आणि उलटं करायला जाऊ नका, म्हणजे जिओचा स्वस्तातला बटणाचा ४जी फोन आणून त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड, तो फोन जिओलाच बांधलेला असतो.

प्रश्न : आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकच्या शिवेवर आहे. शेतात गेलं की नेट बंद पडतं आणि मेसेज कन्नडमध्ये येतात. घरी आलं की नीट. कंपनी बदलू का?
एक शेतकरी वाचक

उत्तर : मेसेज कन्नडमध्ये येतात म्हणजे रेंज आहे, फक्त ती पलीकडची आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही मोबाईलसाठी दोन वेगळी सर्कल आहेत, तुमच्या बांधावर पलीकडचा टॉवर जवळ असणार, फोन त्याला चिकटतो आणि स्वतःला रोमिंगवर समजतो. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग म्हणून बटण असतं, ते बंद असेल तर काही फोन अशा वेळी नेट तोडतात. ते चालू करा. देशातल्या देशात हल्लीच्या नेहमीच्या रिचार्जमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, तरी आपल्या प्लॅनमध्ये एकदा बघून घ्या. तरीही फोन इकडून तिकडे उड्या मारत बसला आणि बॅटरी खाऊ लागला तर नेटवर्क ऑटोमॅटिक निवडायचं बंद करून यादीतून आपलं नेटवर्क हाताने निवडा, एकाच कंपनीचं नाव दोनदा दिसलं तर एक इकडचं एक तिकडचं असू शकतं, एकेक करून बघायचं. फक्त पुण्याला वगैरे जाताना ते परत ऑटोमॅटिकवर टाका, नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसून मलाच शिव्या द्याल.

प्रश्न : आषाढीला पंढरपुरात चारही दांड्या फुल होत्या पण एक फोटो जाईना. कुठल्या कंपनीचं नेट तिथं चालतं?
एक वाचक, सांगोला

उत्तर : त्या दिवशी कुणाचंच नीट चालत नाही हो. दांड्या म्हणजे टॉवर किती जोरात ऐकू येतोय एवढंच, टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का ते दांड्या सांगत नाहीत. दर्शनबारीसारखंच आहे, कळस लांबून दिसतो, पण रांग किती आहे ते आत गेल्यावर कळतं, आणि वारकऱ्याला कळसाचं दर्शन चालतं, व्हॉट्सअॅपला चालत नाही. तेवढ्यापुरतं नेटवर्क टाइप ५जीवरून ४जी किंवा ४जीवरून ५जी असं बदलून बघायचं, कधी कधी एका पट्ट्यावर गर्दी असते आणि दुसरा मोकळा असतो. निरोपच द्यायचा असेल तर साधा मेसेज पाठवा, तो एवढासा असतो, फटीतून जातो. फोटो चंद्रभागेपासून लांब आल्यावर.

प्रश्न : खासगी कंपन्यांचं रिचार्ज परवडंना. बीएसएनएलला जावं का? आमच्याकडे त्यांचा टॉवर गावातच आहे.
एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून हा प्रश्न मला रोज येतो. बीएसएनएलचं स्वतःचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं म्हणून जाहीर झालं, ९७ हजारांवर टॉवर आहेत, पण टॉवर दिसतो म्हणजे त्याच्यावर ४जी बसलंय असं नाही, काही ठिकाणी अजून २जी ३जीवरच भागवावं लागतं. त्यात त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, तुमच्या फोनला ७०० वाला बँड २८ नसेल तर टॉवरखाली छान आणि रानात गेलं की गायब. हे तपासायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गावात ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याला चहा पाजा, त्याचं कार्ड दोन तासांसाठी तुमच्या फोनात घाला, हो, तुमच्याच फोनात, त्याचा फोन बघून ठरवू नका, आणि घरात, मळ्यात, विहिरीपाशी फिरून कॉल लावून बघा. नेट अडकलं तर मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एपीएन म्हणून जागा असते, तिथं इंग्रजीत बीएसएनएलनेट असं सलग लहान अक्षरांत टाका, कधी कधी तेवढ्यानंच सुरू होतं. त्याचं कार्ड परत देताना तुमच्या फोनमध्ये त्याचं यूपीआय वगैरे काही चालू करून ठेवलं नाही ना बघा. आणि पुढे गरज पडली म्हणून बीएसएनएलचं असो की दुसरं कुणाचं, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवीन कार्ड काढलं तर पहिले २४ तास मेसेज बंद असतात, बँकेचा ओटीपी येणार नाही, त्यामुळे ज्या दिवशी सोसायटीचा हप्ता भरायचा आहे तो दिवस सोडून जा.